तुझ्या मनाचा अंदाज

कोल्हापूर

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हा विषय निघाला की तू तो हसण्यावारी नेतोस, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. तुझा मूड घडीघडी पालटतो, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्याचा घरच्यांवर काय परिणाम होतो, हे तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही.

गणपतीत तू धाकटीला रंकाळ्यावर नेऊन पोट दुखेपर्यंत हसवलेस आणि दुसऱ्या सकाळी मिसळीचा कट गार झाला एवढ्यावरून ताट सरकवून खोलीचे दार लावून घेतलेस. संध्याकाळी काही झालेच नाही अशा थाटात बाहेर आलास. तुझ्या लेखी प्रकरण मिटले होते, धाकटी मात्र चहाचा कप घेऊन तुझ्या दारापर्यंत गेली, थबकली आणि परत येऊन म्हणाली, "आई, तूच दे." परीक्षेचा निकालही तिने तुला सांगितला नाही.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, त्यामुळे लोक वेळेत आवराआवर करतात. तुझ्या मनाची अशी पट्टी आम्हाला दिसत नाही. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येते. पण आज हा कसा असेल, याचा रोज अंदाज बांधावा लागला की माणसे बोलणेच आखडते घेतात, मग आपल्याला कोणी विचारत नाही असे तुला वाटते आणि तुझे मन आणखी खचते. तेव्हा "आज मन ठिकाणावर नाही, राग तुमच्यावर नाही, तासाभराने बोलतो" एवढे तू आधीच सांगत जा.

मूड बदलणे हा काही गुन्हा नव्हे. झोप अपुरी पडली की भावनांना आवर घालण्याची मेंदूची ताकद कमी होते, आणि तुझी रात्रपाळी तर बारमाही आहे (पगार चांगला आहे, हे मी ऐकून आहे). थायरॉइडच्या बिघाडानेही चिडचिड वाढते, म्हणून रक्त तपासून घे. मात्र उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा उलट आठवडाभर जेमतेम झोपूनही अंगात उत्साह मावेना, बोलणे थांबेना, पैसा हातात टिकेना असे झाले, तर तो निव्वळ स्वभाव समजू नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवे. लगेच जाणे जमले नाही, तर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, विनाशुल्क बोलता येते.

पाळी बदलून मिळते का, ते याच आठवड्यात साहेबांना विचार आणि रक्ताचा रिपोर्ट आला की मला पाठव.

तुझी,
आई