फितुरीचं सोंग स्वस्तात होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युवक महोत्सवांच्या एकांकिकांत आणि दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांत परग्रहवासीयांचं आक्रमण आता मराठवाड्यावरही होऊ लागलं आहे. कुणी यान देवगिरीच्या पायथ्याशी उतरवतं, कुणी नाथसागरात, कुणी औंढा नागनाथजवळ, जिथं गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची वेधशाळा व्हायची आहे. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. मात्र या संहितांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि नाटक तिथंच कोसळतं. पकडलेला माणूस ‘आजपासून मी तुमचा’ म्हणतो, आक्रमकांचा सरदार लगेच मान डोलावतो आणि पुढच्या प्रवेशात हल्ल्याचा सगळा आराखडा कैद्याच्या हाती असतो. ताऱ्यांमधलं अंतर कापून आलेले लोक इतके भोळे का असतील, याचं उत्तर संहितेत कुठंच मिळत नाही.

सोंग घेणाऱ्या कैद्याला विश्वास विकत घ्यावा लागतो आणि त्याचं मोल खऱ्या माहितीतच मोजावं लागतं. थापा मारून भागत नाही, कारण सुरुवातीची उत्तरं शत्रू स्वतः तपासून पाहतो. बऱ्याचदा उत्तर माहीत असलेलेच प्रश्न तो आधी विचारतो. म्हणून संवाद लिहायला घेण्याआधी लेखकानं ठरवायला हवं की आपला कैदी शत्रूला खरं काय देणार आणि त्याची झळ कुणाला बसणार. आग्र्याला महाराजांच्या मुक्कामावरून निघालेले पहिले पेटारे खरोखर मिठाईचेच होते, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिशांचा दुहेरी हेर हुआन पुजोल, टोपणनाव गार्बो, हा कैदी नव्हता; पण हिशेब तोच होता. ६ जून १९४४ च्या पहाटे, दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीवर उतरण्याच्या जरा आधी, त्याच्या रेडिओवरून जर्मनांना इशारा द्यायचं ठरलं. मजकूर खरा होता, पण वेळ अशी साधली होती की त्याचा काही उपयोग होऊ नये. त्यात जर्मनांचं माद्रिद केंद्र त्या वेळी ऐकतच नव्हतं, त्यामुळे संदेश आणखी उशिरा पोहोचला. गार्बोची पत उलट वाढली. नॉर्मंडी ही नुसती हूल आहे, खरा हल्ला कॅलेच्या बाजूला होणार, असं त्यानं ९ जूनला कळवलं तेव्हा ते खरं मानलं गेलं आणि कॅलेजवळचं मोठं सैन्य जर्मनांनी तिथंच अडकवून ठेवलं.

आपल्याकडे असं ‘खरं, पण मुदत असलेलं’ काय देता येईल? भरपूर आहे. आपला कैदी पाटबंधारे खात्यातला कालवा निरीक्षक धरा. शास्त्रज्ञापेक्षा हा माणूस शत्रूच्या जास्त कामाचा आणि त्याच्याविषयी संशयही कमी. आक्रमकांना पाणी हवं आहे. जायकवाडीत किती मावतं, असं ते विचारतात. तो सांगतो, २९०९ दशलक्ष घनमीटर. आकडा बरोबर आहे, कुठल्याही सरकारी कागदावर तो सापडेल. त्यातला ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा, म्हणजे कालव्यानं सोडता येईल असं पाणी २१७१ च, हे मात्र तो विचारल्याशिवाय बोलत नाही. आक्रमकांनी पाण्याचा ताळेबंद पहिल्या आकड्यावर बांधला तर उन्हाळ्यात त्यांची आखणी कोलमडते. लेखकानं इथं एक भान ठेवावं. पंप लावून मृत साठ्यातलं पाणीही उपसता येतं आणि आकाशातून पाहणाऱ्याला जलाशयाचा पसारा मोजता येतो. त्यामुळे ही चाल काही आठवडेच चालेल. तेवढ्या अवधीत कथेचा निकाल लागायला हवा.

त्याहून चांगलं उदाहरण काळ्या रानाचं. वैशाखात कापसाच्या भारी जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पण वरची ढेकळं दगडासारखी कठीण. त्या दिवसांत परग्रहवासीयांनी जमिनीची ताकद मोजली तर ती उत्तम भरेल. ‘हे रान जड यान पेलेल का?’ असं विचारल्यावर कैदी ‘आज पेलेल’ म्हणाला तर त्यात खोटं काहीच नाही. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि तिचा राडा होतो. त्यात रिकामा ट्रॅक्टर रुततो, तर यानाचे पाय वर कसे निघणार? धोका एवढाच की आक्रमकांकडे कैदी एकटा नसतो. शेजारच्या कोठडीतला एखादा शेतकरी, धाकानं किंवा सहज, पावसाचं बोलून गेला तर निरीक्षकाचं मौन उघडं पडतं. म्हणून बाकीच्या कैद्यांना काय विचारलं जातंय याचा माग ठेवणं हे सोंगातलं अर्धं काम आहे. बहुतेक संहितांत दुसरा कैदी फक्त रडायला असतो. तसं करू नका.

खोटं ओळखणारं यंत्र संहितेत हमखास येतं. अशी यंत्रं खोटं पकडत नाहीत. नाडी, श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम यांतला फरक दाखवतात. फरक कळायला आधी ‘शांत माणूस’ कसा दिसतो ते ठाऊक असावं लागतं. पकडलेला माणूस पहिल्या दिवशी शांत नसतोच. कैद्यानं नाव, गाव असल्या साध्या प्रश्नांनाही घाबरलेलंच राहावं, म्हणजे पुढं खोटं बोलताना वाढलेली नाडी वेगळी उठून दिसत नाही. धीरोदात्त नायक इथं लवकर पकडला जातो, घाबरट माणूस टिकतो.

आता शिकायचं काय? हल्ल्याचा आराखडा कुणी कैद्यापुढं ठेवत नाही. तो तयारीवरून ओळखावा लागतो. आक्रमक पैठणचे मच्छीमार शोधू लागले तर त्यांची नजर जलाशयावर आहे. बोअर पाडणारे शोधू लागले तर मुक्काम लांबणार आहे. वीज मंडळाचे लाइनमन गोळा करू लागले तर अंधार पडायची वेळ जवळ आली. कोणत्या टाक्या भरल्या जातात आणि कोणत्या रिकाम्याच राहतात, हेसुद्धा बोलतं.

एक गोष्ट मात्र कैद्याला कोठडीत बसून मोजता येते आणि ती कुठल्याच संहितेत आम्हाला दिसलेली नाही. ती म्हणजे उत्तराला लागणारा उशीर. चौकशी करणारा अधिकारी वर विचारून निर्णय घेत असेल, तर संदेश प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद जाऊ शकत नाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. वरिष्ठ ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत असेल तर जाऊन-येऊन पाव सेकंद लागतो, तो जाणवणारही नाही. चंद्रावर असेल तर अडीच सेकंद. मंगळाजवळ असेल तर ग्रह कुठं आहेत त्यानुसार सहा ते चव्वेचाळीस मिनिटं. वरिष्ठाला विचार करायलाही वेळ लागतो, म्हणून अगदी क्षुल्लक, हो-नाही स्वरूपाच्या विनंत्या पुन्हा पुन्हा कराव्यात आणि त्यांतला सर्वांत कमी उशीर खरा धरावा. मोजायला नाडी वापरू नये, कारण भीतीनं ती ७२ वरून १२० वर जाते आणि हिशेब बिघडतो. टाळावर भजन म्हणणाऱ्याची लय त्यापेक्षा कितीतरी पक्की असते. पाठ असलेला अभंग मनातल्या मनात ठरल्या चालीत म्हणावा. उशीर मुळीच नसेल तर तीही मोठी बातमी आहे. निर्णय इथंच होतात, म्हणजे बेत ऐनवेळी बदलू शकतो.

मिळालेलं लक्षात ठेवायचं कसं? कागद नसतोच. व्हिएतनाममध्ये कैदेत असलेला अमेरिकी खलाशी डग्लस हेगडाल यानं आपण अगदी मठ्ठ आहोत असं सोंग वठवलं आणि सुमारे २५६ सहकैद्यांची नावं एका बालगीताच्या चालीवर पाठ केली. १९६९ मध्ये सुटल्यावर ती सगळी त्यानं सांगितली. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीची चाल त्याच कामाची आहे. तिचे चरण आखूड असतात आणि एखादा शब्द गळला तर लय लगेच अडखळते.

बाहेर कळवण्यासाठी ‘च’ची भाषा वापरलेली आम्ही वाचली आहे. ती चालणार नाही. तिचा नियम एकच आहे, चार वाक्यांत कुठलंही गणकयंत्र तो शोधून काढेल. करपल्लवी, म्हणजे बोटांच्या खुणांनी अक्षरं कळवणं, बरी. कारण त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. अमेरिकी कैदी जेरेमाया डेंटन यानं १९६६ मध्ये कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून-उघडून मोर्स संकेतात ‘छळ’ हा शब्द कळवला होता. आक्रमकांनी कैद्याला दूरचित्रवाणीवर शरणागतीचं आवाहन करायला बसवलं, तर असा प्रसंग रंगमंचावर फार सुंदर होईल.

यापेक्षा महत्त्वाची ती धाकाची खूण. आपण दबावाखाली बोलतोय हे कळवणारा संकेत पकडलं जाण्याआधीच ठरलेला हवा. प्रमाण मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यासाठी निरुपयोगी, ती सगळेच करतात. लातूरकडचा माणूस एरवी ‘येऊलालाव’ म्हणतो. त्याच्या निरोपात ‘मी येत आहे’ आलं की घरच्यांनी सावध व्हावं. भाषा बातम्यांवरून शिकलेल्या आक्रमकाला त्यात काही वावगं वाटणार नाही. पण ऐकणारा बेफिकीर असेल तर सगळं व्यर्थ जातं. १९४२ मध्ये हॉलंडमध्ये पकडलेला रेडिओचालक हुबर्ट लाउवर्स जर्मनांच्या पहाऱ्यात लंडनला संदेश पाठवत होता. ठरलेली सुरक्षा-खूण त्यानं मुद्दाम गाळली. लंडननं तिकडं दुर्लक्ष केलं. त्यानंतर पन्नासहून अधिक हेर विमानातून थेट जर्मनांच्या हातात उतरत गेले आणि त्यातले बहुतेक मारले गेले. कैद्याची बुद्धी रंगवणारे लेखक या दुसऱ्या टोकाकडे बघतच नाहीत. आमच्या मते खरी शोकांतिका तिथं आहे.

शत्रूही गप्प बसणार नाही. पाच कैद्यांना तो हल्ल्याच्या पाच वेगळ्या तारखा ऐकू जातील असं करेल आणि बाहेर कोणत्या तारखेला धावपळ होते ते पाहील. म्हणून बातमी मिळाल्यावर आपल्या बाजूनं लगेच हलायचं नसतं, आधी दुसरं निमित्त उभं करायचं असतं. ब्रिटिशांनी जर्मनांचे गुप्त संदेश उलगडून जहाजांचा ठावठिकाणा काढला, तरी हल्ल्याआधी टेहळणीचं विमान मुद्दाम शत्रूला दिसेल असं पाठवलं. नाटकात या थांबण्याची किंमत एखाद्या गावाला मोजावी लागते आणि ती कुणी मोजायची, हा प्रवेश लिहायला अवघड आहे. तो टाळू नये.

शेवटी परत येणं. नेताजी पालकरांना १६६६ मध्ये बीड-धारूर भागातल्या मोगल छावणीत कैद झाली. पुढं धर्मांतर होऊन ते महंमद कुलीखान झाले, अफगाण सरहद्दीवरच्या मोहिमांवर गेले आणि १६७६ मध्ये महाराजांकडे परतले. मधल्या दहा वर्षांत त्यांच्या मनात काय होतं ते कुणाला सांगता येणार नाही, पण त्यांना परत घेण्याचा निर्णय कुणाला तरी करावा लागलाच. परग्रहवासीयांच्या तळावर वर्षभर राहून आलेल्या कालवा निरीक्षकाला त्याचं गाव काय म्हणेल? त्यानं दिलेला जायकवाडीचा आकडा खरा होता, हे तर सगळ्यांना ठाऊक असणार.

आपल्या पुरवणीतून या विषयावर कथा किंवा संहिता मागवल्या जातील तेव्हा आमची एक विनंती आहे. प्रत्येक लेखकाकडून सोबत एक वेगळं पान मागावं : कैद्यानं शत्रूला दिलेली प्रत्येक खरी गोष्ट, ती शत्रू कशी पडताळेल, तिची मुदत कधी संपते आणि बाहेर बातमी कुणाला, कोणत्या खुणेनं कळते. पान छापू नये, परीक्षकांनी आधी तेवढंच वाचावं आणि मग संहिता उघडावी.

आपले,
विज्ञानकथांचे काही वाचक व संहितालेखक, परभणी