पावती एका वर्षाची, शाळा मात्र चार वर्षांची

मा. संपादक,
स.न.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात आतल्या पानावर आफ्रिकेतल्या खेड्यांमधल्या मुलींना हायस्कूलसाठी स्कॉलरशिप दिल्याची छोटीशी बातमी होती, फोटोत नव्या युनिफॉर्ममधल्या मुली. बघून खूप बरं वाटलं. पण हे पैसे किती वर्षं मिळणार ते त्या बातमीत कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. मी नोकरीनिमित्त काही वर्षं मलावीत होते, झोम्बा जिल्ह्यात, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तिथे प्राथमिक शाळा १९९४ पासून फुकट आहे. वर्ग गच्च भरलेले, कुठे कुठे तर झाडाखाली वर्ग. खरी गळती पुढे लागते. आठवीची परीक्षा पास झाली की फॉर्म वन, तिथून फॉर्म फोरपर्यंत चार वर्षं, आणि मी होते तेव्हा त्या चारही वर्षांना फी होती. त्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो एप्रिल-मे नंतर, मका आणि तंबाखू निघाल्यावर, आणि जानेवारी ते मार्च म्हणजे घरातला मका संपलेला, लोक दुसऱ्याच्या शेतात गान्यू म्हणजे रोजंदारी करून पीठ आणतात. नेमक्या त्याच दिवसात दुसऱ्या टर्मची फी. मग घरात दोन पोरं शाळेत असतील तर कोणाचं नाव आधी कटणार ते सांगायला नको.

मी एका शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उभी होते तेव्हा सरांनी बाकी असलेल्यांची यादी वाचली. ज्याचं नाव आलं त्याने दप्तर उचलायचं आणि घरी जायचं, पैसे घेऊनच परत यायचं. सरांना तरी काय बोलणार, शाळा त्याच पैशावर चालते. एक मुलगी रांगेतून निघाली, मान खाली, आणि फाटकाबाहेर जाऊन तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिली कारण घर तीन तासांच्या चालीवर होतं आणि घरी जाऊन मिळणार काय हेही तिला माहीत होतं.

नुसती फी भरली म्हणजे झालं असंही नाही हो. शाळा लांब, म्हणून मुली शाळेजवळ खोली भाड्याने घेऊन राहतात, तिकडे सेल्फ बोर्डिंग म्हणतात त्याला. मी बघितलेली खोली म्हणजे मातीच्या भिंती, एक चटई, कुलूप लावलेली पत्र्याची ट्रंक आणि मक्याच्या पिठाची पिशवी, पिशवीवर कोळशाने रेघा मारलेल्या, कोणत्या आठवड्यात कुठपर्यंत पीठ पुरवायचं त्याच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या तीन मुली त्या खोलीत, मोठं माणूस कोणीच नाही. पीठ संपलं की पैसे देऊ करणारा कोणीतरी पुरुष भेटतोच आणि पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

आम्ही ऑफिसातल्या काही जणांनी पैसे गोळा करून चार मुलींचा वर्षाचा खर्च उचलला होता, फी, वह्या, पॅड्स, खोलीचं भाडं. खूप समाधान वाटलं होतं तेव्हा. दुसऱ्या वर्षी निम्मे लोक बदली होऊन गेले, वर्गणी थांबली, मी एकटीने जमेल तेवढं केलं पण पुरलं नाही. चारपैकी दोघी फॉर्म टूच्या मध्यातच गेल्या. एकीचं लग्न झाल्याचं कळलं, दुसरीचं काही कळलंच नाही. ही आमची चूक होती, मुलींची नाही, आणि अजून मनात सलते. चार वर्षांचं आपल्याला झेपत नसेल तर कमी मुली घ्याव्यात पण घेतलेलीला मध्येच सोडू नये असं मला आता ठामपणे वाटतं.

पूर्ण साथ दिली तर काय होतं याची उदाहरणं तिकडेच आहेत. घानात २००८ मध्ये, सिनियर हायस्कूलला नंबर लागलेला पण पैशापायी अडकलेले असे २,०६४ विद्यार्थी घेऊन त्यातल्या ६८२ जणांना लॉटरीने पूर्ण चार वर्षांची स्कॉलरशिप दिली, मुलंमुली दोन्ही, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची खबर ठेवली. हे काम करणाऱ्यांत एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर होते, २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाले. स्कॉलरशिप मिळालेल्यांमध्ये शाळा पूर्ण करणारे खूप जास्त निघाले आणि त्यातल्या मुलींना मुलं उशिरा झाली, कमी झाली. झिम्बाब्वेत अ‍ॅन कॉटन या बाई १९९१ मध्ये मोला नावाच्या गावात गेल्या, तिथे त्यांना दिसलं की आईबापांना मुलींची शाळा नको आहे असं नाही, पैसाच नाही, म्हणून मुलाला पाठवतात. १९९३ मध्ये त्यांनी ३२ मुलींपासून कॅम्फेड ही मुलींच्या शिक्षणाला मदत करणारी संस्था सुरू केली. अगदी सुरुवातीला मदत मिळालेल्या मुलींपैकी एक, अँजेलिन मुरिमिर्वा, आज त्याच संस्थेच्या प्रमुख आहेत. आणि तिथल्या शिकून बाहेर पडलेल्या मुली लर्नर गाइड म्हणून परत शाळेत जातात, धाकट्यांवर लक्ष ठेवतात. ती सेल्फ बोर्डिंगची खोली बघितल्यामुळे मला हे सगळ्यात जास्त आवडतं, कोणीतरी मोठं जवळ असणं.

आता बऱ्याच सरकारांनी फी काढलीय हेही सांगायला हवं, घानात २०१७ पासून सिनियर हायस्कूल फ्री, झांबियात २०२२ पासून सरकारी शाळांची फी बंद, मलावीतही २०१८ मध्ये ट्यूशन फी काढली. चांगलंच आहे. पण ट्यूशन फी गेली तरी खोली, जेवण, बूट, पॅड्स राहतातच.

अजून एक. हजेरी कमी झाली किंवा मुलगी गरोदर राहिली की लगेच पैसे बंद, असे नियम मला पटत नाहीत. २००८-०९ मध्ये आमच्या झोम्बातच मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला थोडे पैसे देऊन बघितले होते, काहींना हजेरीच्या अटीवर, काहींना अटीशिवाय. अटवाल्या जास्त शाळेत टिकल्या हे खरं, पण ज्या शाळा सोडून गेल्या त्यांच्यात अटीशिवाय पैसे मिळणाऱ्यांची लग्नं आणि बाळंतपणं कमी झाली. म्हणजे घसरलेल्या मुलीला सोडून दिलं की ती सरळ लग्नात जाते. टांझानियाने बाळंत झालेल्या मुलींना सरकारी शाळेत परत घ्यायला २०२१ मध्ये सुरुवात केली, मग स्कॉलरशिपने का परत घेऊ नये? मलावीत डेड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिन्दामोतो यांनी शेकडो बालविवाह मोडले, आणि तेवढ्यावर न थांबता त्या मुलींना परत वर्गात बसवायची व्यवस्था केली.

तर तुम्हाला विनंती आहे की त्या बातमीतल्या संस्थेला एवढं विचारा, फॉर्म फोरपर्यंत पैसे बाजूला काढून ठेवलेत का, राहण्या-जेवणाचं काय, आणि एखादी मध्येच घरी बसली तर तिला परत आणायला कोण जाणार. उत्तर आलं तर त्याच जागी छापा, मी वाट बघतेय.

आपली,
एक नियमित वाचक