आहार तक्त्यात भाकरीचे वजनही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून वजन उतरवण्यासाठी जे आहार तक्ते येतात, त्यांतला १२०० कॅलरींचा एक तक्ता मी गेल्या पावसाळ्यात कातरून स्वयंपाकघरात डकवला होता. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक भाकरी व एक वाटी भाजी, रात्री एक वाटी वरण, असे त्याचे स्वरूप होते आणि तीन महिने मी तो, निदान माझ्या समजुतीप्रमाणे, काटेकोर पाळला. वजन ७१ किलोवरून जेमतेम ७० वर आले. मात्र सोयाबीन सोंगताना एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली आणि विळा टाकून धुऱ्यावर बसावे लागले. सोबतच्या बायकांनी शेंगदाणे आणि गूळ हातावर ठेवला, तो मी खाल्ला आणि संध्याकाळी वहीत लिहायचे विसरले.

उपाशीही राहायचे आणि वजनही उतरायचे नाही, हे कोडे मुलाने आणलेल्या चारशे रुपयांच्या काट्याने सोडवले. पीठ भिजवण्याआधी तोलले, तेव्हा माझ्या हातची भाकरी ९० ग्रॅम पिठाची निघाली आणि जाऊबाईंची ५५ ग्रॅमची. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३५ कॅलरी धरल्या, तर माझी भाकरी ३०० कॅलरींची आणि त्यांची १८५ ची होते. तक्त्यात मात्र दोन्ही ‘एक भाकरी’च. तेलाचा हिशेब तर मी कधी मांडलाच नव्हता. तेलाची बरणी काट्यावर ठेवून आकडा टिपायचा आणि फोडणी दिल्यावर ती पुन्हा ठेवायची. जेवढा आकडा उतरला तेवढे तेल कढईत गेले. चौघांच्या झुणक्यात ४८ ग्रॅम गेले होते. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे माझ्या वाट्याला १०८ आल्या. शिवाय झुणक्यावर कच्चे तेल घेण्याची आपली वऱ्हाडी रीत, त्या दोन चमच्यांच्या आणखी ९०. वहीत नोंद होती, ‘झुणका, एक वाटी’.

ही चूक एकट्या माझी नव्हे, हे नंतर वाचनात आले. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, जे दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो असे सांगत आणि तरीही ज्यांचे वजन उतरत नव्हते. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगितल्याचे आणि अंगमेहनत ५१ टक्के जास्त सांगितल्याचे आढळले. ते सारे खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांचेही शेंगदाणे वहीत यायचे राहिले असतील.

परंतु यावरून ‘आणखी कमी खा’ असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६०, मध्यम कष्टाच्या स्त्रीला २१३० आणि जड कष्टाच्या स्त्रीला २७२० कॅलरी लागतात. कापूस वेचणाऱ्या किंवा निंदणाला जाणाऱ्या बाईने १२०० चा तक्ता खरोखरच पाळला, तर चरबीबरोबर अंगातले मांसही झडते, थकवा येतो, केस गळतात, पाळी अनियमित होऊ शकते, आणि रात्री भूक असह्य झाली की हात डब्यात जातो तो वेगळाच. प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. माझ्या ७० किलोंना ती सुमारे ५८ ग्रॅम होते. ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीतून जेमतेम साडेसहा ग्रॅम मिळतात. तूर आमच्याच शेतातली, तरी वरण इतके पातळ करायचे की ताटात टिकू नये, ही सवय मला आता खटकते.

म्हणून विनंती अशी की, तक्ता छापताना तो कोणत्या कामाच्या माणसासाठी आहे हे वर लिहावे, आणि भाकरी, भात व डाळ यांची मापे वाट्यांऐवजी कच्च्या धान्याच्या ग्रॅममध्ये द्यावीत. शिजल्यावर पाण्याने वजन किती वाढेल हे घरोघरी वेगळे असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटक कोष्टकेही मुख्यतः कच्च्या जिनसांचीच आहेत. तेल, साखर, चटणीतले जवस व शेंगदाणे यांना स्वतंत्र ओळ असावी, आणि यापेक्षा कमी खाऊ नये असा खालचा आकडाही असावा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, हे वाक्य तर ठळक हवे.

मी सध्या तोलून सुमारे १७५० कॅलरी खाते. न्याहारीला भाकरी आणि घट्ट वरण असते, तेल मोजून पडते. चार महिन्यांत वजन ६६ वर आले आहे आणि यंदा हरभऱ्याची सोंगणी मी शेवटच्या तासापर्यंत केली. असा तक्ता आपण छापलात, तर आमच्या बचत गटाच्या बैठकीत तो मी वाचून दाखवीन. काटा माझ्याकडे आहेच.

आपली,
एक शेतकरी गृहिणी,
ता. आर्णी, जि. यवतमाळ