गोदीचं दार लोकांना पाहू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या विकासासंबंधी आपल्या अंकात आलेला मजकूर इथे कॅनडात मुलीच्या घरी बसून वाचला. क्रूझच्या प्रवाशांसाठी सोयी, बागा, समुद्राकाठी फिरायला रस्ता, खाण्यापिण्याची ठिकाणं, सगळं त्यात आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी मी स्वतः पैसे मोजून रांगेत उभी राहीन, तिचं नावही नाही. ती म्हणजे इंदिरा गोदीचं लॉक, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाण्याची पातळी वरखाली करून जहाज आतबाहेर नेतात. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी लालबागची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. वडील गोदीत होते. इंदिरा गोदी हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलं नाही, शेवटपर्यंत जुनं ‘अलेक्झांड्रा’च. त्यांच्यामुळे पाळ्या, ओव्हरटाइम, संप, बोनस हे शब्द आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. मात्र जहाज गोदीत येतं कसं, हे आम्ही कधी पाहिलं नाही. घरच्यांना आत सोडत नसत आणि बाहेरून दिसते ती भिंत. पुढे पनामा कालवा शिकवताना फळ्यावर लॉकची आकृती मी वर्षानुवर्षं काढली. प्रत्यक्ष लॉक पाहिलं ते इथे, सेंट कॅथरिन्सला, पासष्टी उलटल्यावर.

हे गाव वेलँड कालव्यावर आहे. ओंटारियो सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५ मीटरवर आणि ईरी सरोवर १७४ मीटरवर. मधल्या उताराला नायगारा धबधबा कोसळतो, तिथून जहाज चढणार कसं? म्हणून धबधब्याच्या पश्चिमेला हा ४३ किलोमीटरचा कालवा. पहिला १८२९ सालचा, लाकडी लॉकचा, आणि लॉक होती चाळीस. आताचा चौथा कालवा १९३२ साली रीतसर सुरू झाला. याला आठच लॉक पुरतात. त्यातली पहिली सात जहाजाला प्रत्येकी साधारण १४ मीटर उचलतात, आठवं फक्त ईरीच्या पाण्याशी पातळी जुळवतं.

तिसऱ्या लॉकपाशी संग्रहालय आहे आणि कठड्याला लागून उंच गॅलरी. गॅलरीला तिकीट नाही. कोणतं जहाज साधारण किती वाजता येईल हे तिथे लावलेलं असतं. वेळ पुढेमागे होते, तास-दीड तास जातो. लोक डबे घेऊन येतात. निवृत्त माणसं घडीच्या खुर्च्या आणतात आणि जहाज दिसायच्या आधी मालकाचं नाव सांगतात. सरोवरांतल्या सरोवरांत फिरणाऱ्या जहाजांना इथे ‘लेकर’ म्हणतात, समुद्रावरून आलेल्यांना ‘सॉल्टी’. गव्हाचं जहाज, मिठाचं जहाज, लोखंडाच्या खनिजाचं जहाज हे माझा सात वर्षांचा नातू आता लांबून ओळखतो. मी अजून त्याला विचारते.

जहाज खालून येतं तेव्हा समोर रिकामा, खोल काँक्रीटचा हौद असतो. आधी लांब झाडांच्या वर नुसती केबिन सरकताना दिसते, नांगरलेल्या शेतातून घर चालत यावं तशी. मग नाळ हौदात शिरते. लॉकची रुंदी २४.४ मीटर आणि मोठ्यात मोठ्या जहाजाची २३.८. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन फूट. लांबी सव्वादोनशे मीटरची. एवढं धूड चालण्याच्या वेगानं, भिंतीला न घासता आत येतं. घासलंच तर तो करकराट पोटात जातो. पुढच्या दाराअलीकडे जाड पोलादी दोर आडवा टाकलेला असतो, थांबायला उशीर झालाच तर दार वाचावं म्हणून.

पूर्वी खलाशी किनाऱ्यावर उतरून दोर बांधत. आता भिंतीतल्या उभ्या खाचांतून मोठ्या चकत्या बाहेर येतात, हवा खेचून जहाजाच्या अंगाला चिकटतात आणि पाणी चढेल तशा त्याच्याबरोबर वर सरकतात. पाहताना मजा वाटते. यात किती जणांची पाळी गेली असेल, हा विचारही गोदी कामगाराच्या मुलीच्या मनात येतोच.

मागची दारं मिटतात आणि मग, खरं सांगते, काही घडतंय असं वाटतच नाही. आवाज नाही, पंप नाही. वरच्या अंगाचं पाणी तळाकडच्या भुयारांतून आपल्या वजनानंच आत येतं. दहा-अकरा मिनिटांत सुमारे नऊ कोटी लिटर. तुम्ही भिंतीवरच्या एखाद्या डागाकडे बघत राहता आणि तो डाग बुडतो. मघाशी खाली दिसणारा डेक कठड्याशी येतो, नंतर वर जातो, आणि आपण मान वर करून माणसांकडे पाहू लागतो. एकदा जहाजाच्या भटारखान्यातून कांदा परतल्याचा वास आला. इतकं जवळ.

वर्गात हमखास एक प्रश्न यायचा, “बाई, पाण्याच्या जोरानं दार उघडणार नाही का?” इथे उत्तर समोर दिसतं. दोन्ही फळ्या मिटल्या की त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे टोक करून उभा राहतो. पाणी जितकं रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय दार उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. तीस आकृत्यांनी जे होत नाही ते पंधरा मिनिटांत नातवाला कळलं.

त्याच जागी कालव्याच्या बांधकामात मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे. १९१३ साली काम सुरू झालं आणि ते संपेपर्यंत १३० हून अधिक माणसं गेली. त्यातली दहा एकाच अपघातात, १ ऑगस्ट १९२८ रोजी, सहाव्या लॉकचं दार बसवताना कोसळलं तेव्हा. जहाज पाहायला आलेला माणूस ती नावं वाचूनच पुढे जातो. मला ही रीत आवडली.

आता मुंबईकडे येते. लॉक म्हटलं की आपल्याला पनामा आठवतो. तिथे दोन महासागरांची पातळी वेगळी आहे म्हणून दारं आहेत, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मधलं गातून सरोवर समुद्रापेक्षा २६ मीटर उंच आहे, जहाजाला तिथवर चढवून पुन्हा उतरवायचं असतं. ते सरोवर पावसावर चालतं, म्हणून २०२३ च्या दुष्काळात रोजच्या साधारण ३६ जहाजांवरून गाडी २४ च्या आसपास आली. हा पनामा कालवा सुरू झाला १९१४ साली. आमची अलेक्झांड्रा गोदीही १९१४ चीच. तिचं लॉक २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद आहे, म्हणजे मी इथे तोंडात बोट घालून पाहते त्या लॉकपेक्षा रुंदीला सहा मीटरनं जास्त!

आपल्याकडे डोंगर चढायचा नाही, भरती-ओहोटीशी सामना आहे. उधाणाच्या दिवशी मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दारं लावून गोदीतलं पाणी आत धरून ठेवलं नाही तर ओहोटीला आतली जहाजं टेकतील. जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांत भरती साधूनच आतबाहेर करावं लागे. अलेक्झांड्राला लॉक दिलं ते भरतीवर अडून राहू नये म्हणून. त्या दोन जुन्या गोद्या तर कंटेनरच्या कामासाठी भरून टाकल्या. १४ एप्रिल १९४४ चा स्फोट व्हिक्टोरिया गोदीत झाला एवढंच मुंबईकरांच्या लक्षात राहिलं आहे, आणि ती गोदीच आज पाण्याची उरलेली नाही. जे एक लॉक उरलंय ते तरी दाखवा.

सुरक्षेचं कारण पुढे येईल हे मला माहीत आहे. बंदर आहे, शेजारी नौदल आहे, कारण खोटं नाही. पण बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४ पासून लागू आहे ती कॅनडालाही आणि अमेरिकेलाही. अमेरिकेत सू सेंट मेरीची लॉक तर खुद्द त्यांच्या लष्कराचा अभियांत्रिकी विभाग चालवतो. तिथे पाहण्याची गॅलरी आहे, आणि जूनच्या शेवटच्या शुक्रवारी लोकांना लॉकच्या भिंतीवरून चालू देतात. पनामात मिराफ्लोरेसला तिकीट लावून मजल्यांची गॅलरी बांधली आहे आणि ती भरते. आपल्याकडेही नौदल सप्ताहात युद्धनौका पाहू देतात, आईबाप पोरांना खांद्यावर घेऊन रांगा लावतात. युद्धनौका दाखवता येते तर दार का नाही?

मागणं फार मोठं नाही. लॉकपासून सुरक्षित अंतरावर एक लोखंडी जिना आणि कठडा, वेगळी वाट, तपासणी, हवं तर ओळखपत्र आणि आगाऊ नोंदणी. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाउजेडी. फळ्यावर जहाजाचं नाव, कुठून आलं, काय घेऊन आलं, मराठीत. माहिती सांगायला निवृत्त गोदी कामगार ठेवावेत. शिवडी-काळाचौकीत असे कितीतरी आहेत ज्यांचं घरात आता कुणी ऐकत नाही; ते मानधन घेऊन नाही, घरून डबा आणून बोलतील. तरी मानधन द्यावंच. आणि पहिल्या फळीत परळ, लालबाग, शिवडी, माझगाव, डोंगरीच्या शाळा बोलवाव्यात. ज्यांच्या आज्या-आजोबांनी तिथली पोती वाहिली त्या मुलांना.

पूर्व किनाऱ्याचे नकाशे अजून कागदावर आहेत तोवर हा जिना त्यात काढून घ्यायला हवा. एकदा सिमेंट पडलं की पुढच्या पिढीपर्यंत कुणी हलवत नाही. आपण हा विषय लावून धरलात तर बंदराकडून उत्तर तरी येईल, म्हणून आपल्याला लिहिते आहे. मी जानेवारीत परत येते. इथला कालवा तेव्हा मार्चअखेरपर्यंत दुरुस्तीसाठी बंद असतो, तेव्हा पाठपुराव्याला मला वेळच वेळ आहे. नोंदणीच्या यादीत दोन नावं आत्ताच धरावीत, माझं आणि सुट्टीत येणाऱ्या नातवाचं.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
लालबाग, मुंबई
(सध्या मुक्काम सेंट कॅथरिन्स, ओंटारियो)