संत्र्याला ताण दिला

प्रतापनगर, नागपूर
मार्चचा पहिला आठवडा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, गॅलरीतल्या कुंडीत सांभार येईल का?’ आपला सांभार, म्हणजे कोथिंबीर. मला इतका आनंद झाला की उत्तर धड देताच आलं नाही. म्हणून हे पत्र आणि सोबत ही पुडी. आपल्याच वाफ्यातले धने आहेत. या वर्षी सांभाराचा एक कोपरा मी मुद्दाम खुडला नाही. पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आल्या, त्यावर दिवसभर मधमाश्या असायच्या. मागच्या आठवड्यात धने वाळले तेव्हा आईनं सुपात पाखडून घेतले.

पण मुख्य बातमी वेगळी आहे. आपलं संत्र्याचं झाड फुललं. आधीही कुठं चार, कुठं पाच फुलं यायची, तसं नाही. या वेळी बहार आला, अख्ख्या झाडाला.

आठ वर्षं झाली त्याला. कलम लावलं तेव्हा तू नववीत होतास, खड्डा तूच खणला होतास. झाड वाढलं खूप, हिरवंगार, पण फळाच्या नावानं शून्य. मी खतं बदलली, निंबोळी पेंड घातली, कलमाच्या डोळ्याखालून जंबेरीचे, म्हणजे ज्या लिंबाच्या खुंटावर कलम बांधतात त्याचे, काटेरी फुटवे यायचे ते काढत राहिलो. रोज संध्याकाळी मात्र न चुकता पाइप लावायचो. ऑफिसातून आल्यावर तेवढाच जिवाला आराम असायचा, आणि निवृत्त झाल्यावर तर सकाळचंही पाणी सुरू झालं. चूक नेमकी तिथंच होती, आणि ती मला कळायला हवी होती, कारण काटोलच्या वावरात आजोबांना मी लहानपणापासून पाहत आलो.

ते डिसेंबर लागला की संत्र्याचं पाणी तोडायचे. झाडं ताणावर सोडली, असं म्हणायचे. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे महिना-दीड महिना तरी थांबावं लागतं. पानं मलूल होतात, दुपारी वळतात, थोडी गळतातही. थंडी आणि कोरड, दोन्ही मिळून झाडाची वाढ थांबते आणि फांदीत अन्न साठतं. मग माती वरवर मोकळी करायची, शेणखत आणि भरपूर पाणी. तीन-चार आठवड्यांत फुलं. त्यालाच आंबिया बहार म्हणतात. आपल्या भागातली निम्मी गावं त्या फुलांच्या वासात जानेवारी-फेब्रुवारी काढतात.

हे सगळं माहीत असून घरच्या एका झाडाचं पाणी तोडायला माझा हात होत नव्हता. वावरात पाचशे झाडं असतात, अंगणात एकच. या डिसेंबरात मनाचा हिय्या केला. चाळीस दिवस पाणी बंद. पंचविसाव्या दिवशी पानं अशी चुरगळली की माझ्या पोटात कालवलं. एक दिवस पहाटे आई तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन झाडाशी उभी दिसली. मी काही बोललो नाही. तिनंच ते पाणी जास्वंदीला घातलं आणि आत गेली.

जानेवारीच्या शेवटी आळं खुरप्यानं मोकळं केलं, दोन घमेली शेणखत घातलं आणि पोटभर पाणी दिलं. फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी दार उघडलं तर वास थेट बैठकीत आला. चष्मा लावून जवळ गेलो. कळी बाहेरून तांदळासारखी पांढरी, फूल उघडलं की पाच जाड पाकळ्या, मधे पिवळे केसर, आणि त्याच्या तळाशी मोहरीएवढं हिरवं संत्रं आधीच बसलेलं. आईला हाक मारली. ती किती तरी वेळ फांदी हातात धरून उभी होती.

आता पाकळ्या गळून गेल्या आहेत आणि फळं वाटाण्याएवढी आहेत. यातली बरीचशी गळणार, ते ठरलेलंच. पण आता पाण्यात खंड पडू द्यायचा नाही, एक दिवस कोरडं आणि एक दिवस चिखल असं झालं की फळगळ वाढते. आळ्यात कडुलिंबाची वाळकी पानं वीतभर अंथरली आहेत. गल्लीत सध्या पानांचा नुसता खच असतो आणि लोक ती रोज सकाळी पेटवून देतात. मला फार वाईट वाटतं ते बघून. मी दोन पोती भरून आणतो, अर्धी आळ्यात, अर्धी खताच्या खड्ड्यात.

नवीन पालवीवर अळ्या आल्या आहेत, त्याच, ज्या तू जॅमच्या बाटलीत पाळायचास. लहानपणी चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळ्या-पांढऱ्या, मग हिरव्या होतात. बोट लावलं की डोक्यामागून ती नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि कुबट वास सुटतो. औषध मारायचं माझ्यानं होत नाही. एकेक उचलून मी त्या गोडलिंबावर, म्हणजे कढीपत्त्यावर, नेऊन ठेवतो. गोडलिंब मोठा आहे, त्याला काही होत नाही. काल त्यातलंच एक काळं-पिवळं फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं.

बाकी कामं नेहमीची. मोगरा छाटून, पानं ओरबाडून झाला आहे, नवे कोंब आलेत. भेंडी, चवळी आणि दोडके लावले. वेल एप्रिलच्या आत मांडवावर चढायला हवेत, नंतरचं ऊन कोवळ्या वेलाला सोसत नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कुंड्यांवर हिरवी जाळी बांधावीच लागेल. मुंगणा, म्हणजे शेवगा, शेंगांनी लोंबतो आहे, आई शेजारीपाजारी वाटते. सकाळी तांबट पक्ष्याचं टुक-टुक सुरू होतं, आपल्या जुन्या वाळलेल्या फांदीत त्यानं भोक पाडलंय. ती फांदी तोडायचं मी रद्द केलं.

आता तुझ्या सांभाराचं. कुंडी पसरट घे, वीतभर खोल पुरे, खाली भोक हवं. माती अर्धी आणि शेणखत किंवा गांडूळ खत अर्धं. धने लाटण्यानं हलके रगड, एकाचे दोन झाले पाहिजेत. रात्रभर भिजव, सकाळी अर्ध्या पेराएवढे खोल पेर. आठ-दहा दिवस काहीच दिसणार नाही, तोवर उकरून बघू नकोस. पाणी झारीनं दे, माती हाताला ओली लागली तर त्या दिवशी देऊ नकोस. सकाळचं ऊन चालेल, दुपारचं नको.

संत्री दिवाळीच्या सुमारास रंगावर येतील. पहिलं फळ तू तोडायचं, असं आईनं ठरवून टाकलं आहे, तेव्हा गाडीचं आरक्षण सुरू झालं की तिकीट काढून ठेव. आणि धने या रविवारीच लाव.

तुझे बाबा