आई-बाबा, शिमग्याला येतेय, पण राहायला नाही

ती. आई आणि बाबा,
सा. न.

पत्र टाईप केलंय आणि अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, म्हणजे बाबांना मोतीबिंदू असला तरी स्वतः वाचता येईल. भावोजी शुक्रवारी येतायत त्यांच्या हाती देतेय. फोनवर दोनदा सांगून बघितलं, पण आई तू रडायला लागतेस आणि मग मी "बरं बरं, येते" म्हणून फोन ठेवते, आणि ते खोटं असतं. एकदा तुमच्याशी खोटं बोलून झालंय माझं, ऑगस्टमध्ये, "चार टाके पडलेत" एवढंच सांगितलं होतं आणि तीन आठवड्यांनी तुम्हाला भावोजींकडून कळलं की टाके नाही, चार बोटं गेली. तेव्हा बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. ते अजून कानात आहे माझ्या. चुकले मी. म्हणून या वेळी सगळं आधीच सांगतेय.

मी घरी राहायला येत नाहीये. कंपनीचं लेबल लावायचं कामही घेत नाहीये. चुनाभट्टीला ट्रेनिंगला जायचं ठरवलंय, अर्ज भरून झालाय, शिमग्यानंतर चालू होईल.

लगेच रागावू नका, पूर्ण वाचा.

आई, तू म्हणतेस ना की "दोन घास आम्ही घालू तुला, कशाला त्या मुंबईत एकटी", मला माहितेय तू घालशील, तुझ्या ताटातले काढून घालशील. पण आगरातल्या सुपारीवर आणि सोलांवर तुमचं दोघांचंच औषधपाणी कसंबसं निघतं, आणि बाबा खालच्या कलमांचा सौदा करायला निघालेत असं ताई म्हणाली. बाबा, तसं करायचं नाही. माझ्या लग्नासाठी नाही आणि माझ्या हातासाठी तर मुळीच नाही. हाताचं सगळं ईएसआयनी, म्हणजे कामगार विम्याने केलंय, ऑपरेशनला एक रुपया लागला नाही. आठवतंय, तुम्ही माझी पगाराची स्लिप बघून विचारलं होतं की हे १३५ रुपये कसले कापतात दर महिन्याला? तेच हे. पगाराच्या पाऊण टक्का माझा आणि सव्वातीन टक्के कंपनीचे, म्हणजे १८ हजारावर त्यांचे ५८५. ते कापले जात होते म्हणून अपघातानंतर साडेचार महिने मला पगाराच्या ९० टक्के पैसे मिळत गेले, बसून. हे कुणाचे उपकार नाहीत आणि दानधर्म तर अजिबातच नाही, वाडीत कुणी तसं बोललं तर सांगा.

जानेवारीत ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढे जाऊन आले ते सांगितलंच होतं. तीन डॉक्टर बसले होते, हात उलटासुलटा करून बघितला. कायद्यात तक्ताच आहे, एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के, तीन गेली तर ३०. त्याप्रमाणे आता रोजचे साधारण २७० रुपये, म्हणजे महिन्याला आठ हजाराच्या वर, आणि हे जन्मभर. मला दुसरी नोकरी लागली तरी हे बंद होत नाहीत, हे मी ब्रँच ऑफिसात दोनदा विचारून घेतलंय कारण मलाच खरं वाटत नव्हतं. काकांना पण सांगा की कंपनीवर केस टाकून एकरकमी घेता येत नाही, ज्यांचं ईएसआय आहे त्यांना कामगार भरपाईच्या कायद्यातून परत मागता येत नाही. ते प्रेमानेच म्हणतात, पण वकिलाला पैसे जातील आणि हातात काही यायचं नाही.

आता ट्रेनिंगचं. ज्याला कामावर असताना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं आणि वय ४५ च्या आत आहे, त्याला दुसरं काम शिकायचे पैसे ईएसआय देतं, दिवसाला १२३ रुपये किंवा सेंटरची जी काय फी असेल ती, दोन्हींत जे जास्त ते, आणि जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. ट्रेनिंग चालेल तोपर्यंत. सेंटर सरकारचंच आहे, सायन-ट्रॉम्बे रोडला, १९६८ सालापासून आहे. आधी काही दिवस नुसतं बघतात की आपल्याला काय जमतं, उरलेल्या हाताने किती वेगाने करता येतं, मन कशात लागतं, आणि मग त्याप्रमाणे कोर्स देतात. मी कॉम्प्युटर मागितलाय, अकाउंटचं काम. बारावीला अकाउंटला मला किती मार्क होते ते बाबांना तोंडपाठ आहेत, ते मी सांगत नाही.

यात एक गोष्ट मला फार लागली. बोर्डाच्या रांगेत माझ्या पुढे एक मावशी होत्या, ४७ वर्षांच्या, प्रेसवर तीन बोटं गेलेली. त्यांना ३० टक्के बसले आणि वय पण वर, म्हणजे त्यांना हे ट्रेनिंग नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं असं काही असतं ते, मी सांगायला गेले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की त्यांना मिळणारच नाही. एका बोटाचा आणि दोन-तीन वर्षांचा फरक. त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त गरज होती, घरी दोन शाळेतली मुलं. मला हे चूक वाटतं, अगदी चूक वाटतं, आणि मला जे मिळतंय ते मी नको म्हणून घरी येऊन बसले तर त्या मावशींकडे बघायचं तोंड राहणार नाही मला.

कंपनीतलं लेबलचं काम का नको, ते पण सांगते. त्यांनी दिलं हे खरंय, पगार कमी पण काम दिलं. पण आई, त्याच शेडमध्ये आहे ते. ते पंचिंग मशीन तिथून दिसतं, आवाज येतो. त्या दिवशी ऑपरेटर रजेवर होता आणि मला उभं केलं, गार्ड काढून ठेवलेला होता कारण गार्ड असला की माल सावकाश निघतो. अजून तो लावलेला नाहीये, मी बघून आले. तिथे रोज बसून पुठ्ठ्यावर स्टिकर लावायला माझं मन तयार नाही.

बाबा, आता जे लिहिते ते मनाला लावून घेऊ नका. ८२ च्या संपानंतर तुम्ही गावी आलात ते परत गेलाच नाहीत. तुम्ही कधी बोलत नाही, पण माळ्यावर ती मिलची लोखंडी पेटी आहे, त्यात तुमचा पास आहे, मी लहानपणी काढून बघायचे. साच्यावर तुमचा हात कसा चालायचा ते ताई सांगते, तिला आजीने सांगितलेलं. तुम्ही २८ वर्षांचे होतात. तेव्हा तुम्हाला कुणी म्हटलं असतं की या, दुसरं काम शिका, शिकाल तोवर घरी पैसे पाठवतो, तर तुम्ही गेला असतात ना? मला कुणीतरी तसं म्हणतंय बाबा. तुम्ही परत आलात म्हणून आम्ही दोघी वाढलो, आगर उभं राहिलं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मला परत यायचं ते हरून यायचं नाहीये.

आई, तुझ्या काळजीचं सगळं लिहिते. जेवण नीट होतं. खोलीतल्या दोघी चपात्या करतात, मी भात-आमटी लावते, कुकरचं झाकण डाव्या हाताने जमतं आता. तू दिलेलं कुळथाचं पीठ संपत आलंय. कपडे मशीनला. कामोठ्याहून चुनाभट्टी एकच गाडी आहे, बदलायची नाही, मानसरोवरला चढायचं आणि थेट उतरायचं, आणि अपंगांचा डबा वेगळा असतो, बसायला मिळतं. तो शब्द तुला आवडत नाही मला माहितेय. पण कार्ड आलंय, त्यावर एसटीला पण ७५ टक्के सवलत आहे, मग घ्यायची. हाजीअलीच्या अपंग पुनर्वसन रुग्णालयात पण जाऊन आले, तिथे अंगठ्याची पकड वाढवायचे व्यायाम दाखवलेत, रोज करते. सिलिकॉनची बोटं बसवायचं तू म्हणत होतीस, बसवतात, दिसतात पण अगदी खरी, पण त्यांनी काही धरता येत नाही, नुसती दिसायला. कुणी बघायला येणार म्हणून ती लावायची असं मला नको. जो येईल त्याने हा हात बघूनच यावं.

आणि केस कापलेत. खांद्यापर्यंतच, फार नाही. वेणी घालता येईना, रोज कुणाला सांगणार. तू ओटीवर बसवून तेल लावायचीस आणि करकचून दोन वेण्या घालायचीस, मी ओरडायचे, ते फार आठवतं. येईन तेव्हा तेल लाव, जेवढे आहेत तेवढ्यांना.

अजून एक. मी लहान असताना डावखुरी होते ना? पाटीवर डाव्या हाताने काढायचे, जेवताना डावा हात पुढे यायचा, आणि तू तो बाजूला करून उजवा पुढे करायचीस. बाबा मागे बसून माझा उजवा हात हातात धरून अ गिरवून घ्यायचे. परवा वहीत डाव्या हाताने लिहायला घेतलं तर चार दिवसांत अक्षर वळायला लागलं. थेरपीच्या बाईंना पण नवल वाटलं. त्या हाताला सगळं आठवत होतं आई. तू काही चुकीचं केलंस असं नाही, तेव्हा सगळेच तसं करायचे, मी आनंदाने लिहितेय हे. हे पत्र पण त्याच हाताने टाईप केलंय, तीन संध्याकाळी लागल्या.

आता ऐका. बाबा, सुपारीवर चढायचं बंद. पाडेलीला पैसे द्या, मी पाठवते. संध्याकाळनंतर पाखाडीवरून बॅटरी घेतल्याशिवाय उतरायचं नाही. बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, आई तू समोर उभी राहून घ्यायला लाव, आणि तुझी साखर पण तपासून घे, आरोग्य केंद्रात जाताना दोघांनी आधार कार्ड न्या, एसटीचं तिकीट दोघांनाही अर्धंच पडतं, कंडक्टरला दाखवायचं. बाबा, तुम्ही लाजून पूर्ण काढता. मोतीबिंदूचं आता लांबवायचं नाही. माझ्या कार्डावर तुमची नावं आहेत, नोकरी सुटली की पुढे वर्षाला १२० रुपये भरून माझा दवाखाना चालू राहील पण त्यात आईवडील येत नाहीत. म्हणून नावं आहेत तोवर उरकायचं. शिमग्यानंतर माझ्याबरोबरच निघायचं, मी तारीख घेऊन ठेवते. आई, तू पण ये, गुरांना चार दिवस काकू बघतील.

पालखी आपल्याकडे येईल त्याच्या आदल्या दिवशी मी पोचते, दोन रात्री राहीन. नवस तू बोलली आहेस तो फेडू, ओटी मीच भरणार, तुझ्या हातून नाही, माझ्या. नारळ डाव्या हाताने धरेन, उजवा खाली टेकवेन, देवीला चालेल.

खालच्या कलमांचं भावोजींना आजच सांगा, म्हणजे ते व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवतील. आणि कुळथाचं पीठ त्यांच्याबरोबर पाठव, थोडंच, दोन किलो नको.

तुमची,
बाय