गुडघा जपू नकोस!

प्रिय मित्रा,
स. न.

तुझं पत्र मिळालं. 'गॅप कमी झालीय, वंगण संपलंय, आता गुडघा जपायचा' हे तू तीनदा लिहिलंयस. तिन्ही वेळा हसू आलं, कारण चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत खुर्चीला चिकटलो होतो. आठ महिने जपला गुडघा. इतका लाडावला, की खुर्चीतून उठायलासुद्धा भिंत धरावी लागायची.

शेवटी एका फिजिओने डोळे उघडले. हाडांच्या टोकांवर कूर्चेची जी गुळगुळीत गादी असते, तिला रक्तवाहिन्याच नसतात. तिला पोसणारं पाणी सांध्यातच असतं, आणि ते तिच्यात खेळतं ते भार पडला-सुटला, पडला-सुटला की. स्पंज दाबून सोडावा तसं. बसून राहिलास की तिची उपासमार. वर मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि पावलाचा जो दणका त्याने झेलायचा, तो थेट सांध्यात. झिजलेली गादी मात्र व्यायामाने पुन्हा उगवत नाही. उगवते म्हणून कुणी काही विकायला आलं तर पैसे खिशातच ठेव.

मी सुरुवात केली ती टॉवेलपासून. पाय लांब करून बसायचं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. असं दहादा. पहिल्या दिवशी दात-ओठ खाऊन दाबत होतो, पण मांडीवर हात ठेवला तर स्नायू उशीसारखा मऊ! तिसऱ्या आठवड्यात तोच बोटांना टणक लागला आणि दाबताना गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली. एवढ्याशा गोष्टीचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मग उंच खुर्चीतून हात न टेकता सावकाश उठ-बस, मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं.

मध्ये माती खाल्लीच. हुरूप आला म्हणून एका दमात चार मजले चढलो आणि दोन दिवस गुडघा टम्म. तेव्हा कळलेला नियम लिहून ठेव: व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, पण नंतर दोन तासांहून जास्त वेळ नेहमीपेक्षा जास्त ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. कमी, बंद नव्हे. सूज असेल त्या दिवशी नुसता पाय हलकेच वाकव-सरळ कर.

तलाव जवळ असेल तर पाण्यात चाल. कमरेपर्यंत पाण्यात निम्म्याच्या आसपास वजन पाणीच उचलतं. ढेरीबद्दल बोलणार नव्हतो, पण एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. हा हिशोब ऐकून मी जिभेला लगाम घातला, निदान काही दिवस. आणि काठी घेतलीस तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धर. मी महिनाभर चुकीच्या हातात मिरवत होतो.

एक मात्र तुझ्या पत्रात खटकलं. 'सकाळी बोटंही आखडतात' असं ओझरतं लिहिलंयस. झिजेमुळे आखडलेला सांधा साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. तासभर सुटत नसेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो आमवात, म्हणजे झिजेचा नव्हे तर सांध्यांना आतून सूज आणणारा आजार, असू शकतो. त्याला व्यायाम हवाच, पण नुसत्या टॉवेलने भागणार नाही. औषधं वेळेत सुरू व्हावी लागतात, नाहीतर सांधे वाकडे होतात. तेव्हा उद्या उठल्या उठल्या घड्याळ बघ, मुठी मोकळ्या वळायला किती वेळ लागतो ते मोज आणि मला कळव. अंदाजाने नको, मिनिटांत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
खुर्चीतून उठलेला मित्र